रेंज नसलेल्या ठिकाणी गाडी रुतली तर काय करायचं, आणि त्याआधी घरी काय करून ठेवायचं

मढे घाट, साम्रद, कोयनेच्या बॅकवॉटरकडचे कच्चे रस्ते, पावसाळ्यात अशा कुठंही चारचाकी घेऊन जाणार असाल तर आधी पार्किंगमधेच डिकीतली टूलची पिशवी उघडा. जॅक आणि टॉमीच्या (चाकाचे नट खोलायची दांडी) शेजारी एक जाडजूड लोखंडी कडी असते, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला आटे, तो टो हुक, म्हणजे गाडी ओढताना दोर अडकवायची कडी. बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून तो हातातसुद्धा धरलेला नसतो. बंपरवर छोटं झाकण असतं, ते स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून अलगद उचकटायचं आणि हुक आत फिरवायचा. जात नसेल तर जोर लावू नका, बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवलं की बसतो. शेवटी टॉमी कडीत घालून पार मुळापर्यंत आवळायचा, कारण दोन आटे बाहेर राहिले तर ओढताना हुक वाकणार. घरी हे पाच मिनिटांचं काम आहे, तेच गुडघाभर रेंद्यात बसून मोबाईलच्या उजेडात मॅन्युअल वाचत करायचं म्हणजे अर्धा तास आणि मागच्या सीटवरून बोलणी वेगळी.

आणि गाडीखाली वाकून बघितलं की दोनचार भोकं, पातळ कड्या दिसतात, त्या गाडी ट्रकवर चढवून आवळायला असतात, ओढायला नाही. तिथं, सस्पेंशनच्या दांडीला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा) दोर बांधायचा नाही म्हणजे नाही. टो बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो, त्यानं माणसं मेलीयेत.

दोर घेताना गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन-तीनपट ताकदीचा घ्या. साध्या पट्ट्यानं फक्त सावकाश, सरळ रेषेत ओढायचं. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो त्यामुळं त्यानं थोडा हिसका देता येतो, पण तो चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकवाल्या गाड्यांसाठी, हॅचबॅकच्या त्या स्क्रूवाल्या हुकला हिसके देऊ नका. साखळीनं हिसका तर कुणीच द्यायचा नाही. शॅकलवर (दोर हुकला जोडायची लोखंडी कडी) वजनाचा आकडा कोरलेला असला तरच घ्या. बाकी फावडं, जॅकखाली घालायला फूटभर लांबीची जाड फळी, हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप आणि प्रेशर गेज. फळी हसण्यावारी नेऊ नका, चिखलात गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

आता समजा रुतली. पहिलं काम म्हणजे ॲक्सिलरेटरवरनं पाय काढा. चाक जागेवर फिरायला लागलं की गाडी पुढं जात नसते, खड्डा खोल होत असतो, आणि चेसिस टेकली की मग दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. (फोर बाय फोरवाले तर अजून आत जाऊन रुततात, तो वेगळा विषय आहे.) सगळ्यांना खाली उतरवा, चाकापुढचा आणि पोटाखालचा चिखल फावड्यानं काढा, चाकं सरळ करा, मग हवा कमी करा. साधारण ३२-३३ पीएसआय असते ती २० पर्यंत आणली की टायर पसरतो आणि पकड येते. टायर पातळ साईडवॉलचा (रिम आणि जमिनीमधली टायरची बाजू) असेल तर एवढं खाली जाऊ नका. चाकाखाली दगड, फांद्या, पेंढा जे मिळेल ते, आणि जसे आत आलात तसंच रिव्हर्सनं मागं यायचा प्रयत्न करा, मागची जमीन तरी माहितीची असते. बाहेर निघाल्यावर हवा भरेपर्यंत हळू चालवा, वळणावर टायर रिममधनं सुटू शकतो.

सायलेन्सर चिखलात किंवा पाण्यात बुडाला असेल तर एसी लावून आत बसू नका, धूर आत येतो आणि कळतसुद्धा नाही.

नाही निघाली तर ट्रॅक्टर. जुलैमधे भातलावणी चालू असते त्यामुळं गावातले ट्रॅक्टर चिखलणीला गेलेले असतात, जरा थांबायला लागतं, दादा-मामा करून विचारा आणि पैशाचं आधीच बोलून घ्या. ट्रॅक्टरवाल्याला एकच गोष्ट सांगा, की आधी दोर ताणून घ्या आणि मग लो गिअरमधे सावकाश ओढा, हिसका नको. तुम्ही इंजिन चालू ठेवून पहिला-दुसरा गिअर हलका द्या. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका म्हणजे तुटलाच तर फटका कमी बसतो, आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. इंजिन बंद असलेली गाडी ओढून नेणार असाल तर किल्ली ऑन ठेवा नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल, ब्रेक दगडासारखा लागेल त्याची तयारी ठेवा, आणि ऑटोमॅटिक असेल तर ढकलून बाहेर काढा पण लांब ओढत नेऊ नका, गिअरबॉक्स जातो.

फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. तरी कुठं खड्ड्यातल्या पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, कारण इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या इन्शुरन्समधे तो खर्च सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं लागतं.

पंक्चर किट आणि जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं गाडी चालू करायची वायर) बऱ्याच जणांकडे असतात, फक्त साईडवॉल फाटली तर किटचा उपयोग नाही म्हणून घरून निघतानाच स्टेपनीची हवा बघा. जंपरची शेवटची काळी क्लिप बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा.

मॅप ऑफलाईन उतरवून घ्या, कुठल्या वाटेनं जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधायचं हे घरी एकाला सांगून ठेवा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी ११२ हा इमर्जन्सी नंबर लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तर त्यावरनं लागतो.

गाडी निघाली की लगेच हायवेला पळवू नका. खाली वाकून तेल गळतंय का बघा, ब्रेक दोनचारदा दाबून बघा, आणि साठच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटचा खर्च करायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल काढून टाका, बहुतेक वेळा तेवढंच असतं.