जुनी फियाट ठोकतेय? चेंबर खोलण्याआधी हे तपासा

पद्मिनी असो की तिच्या आधीची फियाट ११००-डी, बॉनेटखाली पेट्रोल इंजिन एकच: १०८९ सीसी, चार सिलिंडर, व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड आणि रॉकर. त्यातून ठक-ठक यायला लागली की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं, "इंजिन काम निघालं." निघालं असेलही, पण चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोलण्याआधी तासाभरात होणाऱ्या काही तपासण्या आहेत.

सुरुवात डिपस्टिकपासून. ऑइल कमी असेल तर आधी भरा, मग ऐका. नंतर थंड इंजिनाचा फॅनबेल्ट काढून जेमतेम एक मिनिट चालवा. बेल्टविना वॉटर पंप फिरत नाही, म्हणून जास्त नको. चार्जिंगचा दिवा पेटेल, तो पेटणारच. आवाज गेला तर दोष पंपाच्या, डायनमोच्या किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये, नाहीतर सैल पुलीत. राहिला तर क्लच दाबून बघा. त्याने आवाज बदलत असेल तर क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) पुढे-मागे होणारा प्ले किंवा फ्लायव्हीलचे सैल बोल्ट संशयाच्या यादीत येतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गास्केट फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखी (व्हॉल्व्हची गॅप वाढल्यावर येते तशी) टिकटिक येते. ती इंजिन तापल्यावर बहुधा कमी होते आणि जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो.

आता जागा शोधा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. बाह्या, ओढणी, केस पंख्यापासून लांब. रॉकर कव्हर, टायमिंग कव्हर, पेट्रोल पंप, ब्लॉकची बाजू, चेंबर, सगळीकडे ऐका. पेट्रोल पंपाचा दांडा कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या दांड्यावर. पंपाचा दांडा झिजला की टॅपेटचाच ताल धरतो आणि भल्याभल्यांना चकवतो.

ताल मोजायला टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत लाइट एकदा चमकतो. चमकेला एक ठोका म्हणजे कॅमच्या वेगाचा आवाज: टॅपेट, पेट्रोल पंप, बऱ्याचदा पिस्टनही. चमकेला दोन ठोके म्हणजे क्रँकच्या वेगाचा, म्हणजे खालचा. नुसत्या कानावर हा फरक कळतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात; लाइट लावलेला बरा.

टॅपेटचा संशय असेल तर रॉकर कव्हर काढून आयडलवर एकेका रॉकरखाली फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं सरकवा. ज्याच्याखाली पातं जाताच आवाज दबतो, तो दोषी. सेटिंग करताना चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलत असतील तेव्हा एक नंबरचे सेट करा, दोनचे हलताना तीनचे, आणि उलट. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवूनही टिकटिक राहिली तर रॉकरचं तोंड बघा. तिथे खळगा पडलेला असतो, सपाट पातं त्यावरून पुलासारखं जातं आणि खरी गॅप मोजलीच जात नाही. तोंड घासून एकसारखं करावं लागतं किंवा रॉकर बदलावा लागतो.

खालच्या आवाजासाठी प्लग मारण्याची चाचणी. इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवा. हवेत लटकत ठेवली तर कॉइलवर ताण येतो. प्रत्येक सिलिंडर काही सेकंदच बंद ठेवा, कारण न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. एखाद्या सिलिंडरला ठोका ठळकपणे कमी झाला तर त्याचं बिग-एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं) किंवा पिस्टन. थंडीत ठोकून तापल्यावर शांत होतो तो पिस्टन. तापल्यावर वाढतो आणि रेस सोडताना खडखडतो तो बिग-एंड. टुक-टुक असा दुहेरी ठोका आयडलवर येत असेल तर गजन पिन, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणारी पिन. कोणताही प्लग मारून फरक नाही, चढावर लोड आला की खोल धप-धप, आणि ऑइल प्रेशर पडलेलं, तर मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं. प्रेशर दिव्यावरून ठरवू नका. दिव्याच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज बसवून इंजिन पूर्ण तापल्यावर वाचा. साधारण दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा चालू अंदाज.

फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये बारीक किणकिण येते ते नॉकिंग वेगळं. तिथे इग्निशन टायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरमधली अडकलेली वजनं बघा, बेअरिंग नव्हे.

विकत घेताना सावध: ऑइल मधासारखं घट्ट असेल तर ठोका झाकलेला असू शकतो. बदलून ऐका.

बिग-एंडचा संशय पक्का झाला की गाडी चालवू नका, टो करा. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. गरम ऑइल पांढऱ्या थाळीत काढून उन्हात धरा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक बेअरिंगची असू शकते; चंदेरी चमक पिस्टनचीही असते. चेंबर उतरवल्यावर प्रत्येक बेअरिंगच्या कॅपवर नंबर आणि दिशेची खूण करा, अदलाबदल चालत नाही. क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने काटकोनात दोनदा मोजा. ओव्हल झालं असेल तर नुसते नवे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) बसवून आवाज लवकरच परत येतो; ग्राइंडिंग करून दहा, वीस (इंचाचे हजारावे भाग), जो बसेल तो साइज घ्यावा लागतो. ग्राइंडिंगनंतर क्रँकची ऑइलची भोकं तारेच्या ब्रशने आणि हवेने साफ करून घ्या. जुन्या बेअरिंगचा चुरा तिथेच अडकलेला असतो, आणि इंजिन सुरू होताच तो थेट नव्या शेलमध्ये जातो.