पक्षाने विचारधारा सोडली की नुसती सोयरीक बदलली? तपासायची रीत, शिवसेनेच्या उदाहरणासह

‘अमक्या पक्षाने विचार सोडला’ हे वाक्य निवडणुकीच्या तोंडावर रोज कानावर पडतं. ते खरं की खोटं हे ठरवता येतं. त्यासाठी चिकाटी लागते, चार-पाच प्रकारची कागदपत्रं लागतात आणि एक साधा तक्ता लागतो. इथे उदाहरण शिवसेनेचं घेतलं आहे, कारण तिची कागदपत्रं मराठीत आहेत आणि वळणं ठळक आहेत.

सुरुवात मुद्द्यांपासून करा. ‘डावा की उजवा’ या एकाच पट्टीवर आपल्याकडचे पक्ष नीट बसत नाहीत. शिवसेनेसाठी निदान चार रकाने लागतील: भूमिपुत्र व भाषा, हिंदुत्व, आर्थिक धोरण (कामगार, उद्योग, शेती) आणि केंद्र-राज्य संबंध. एका रकान्यात पक्ष ठाम उभा असतो आणि त्याच काळात दुसऱ्यात पार फिरलेला असतो. दोन्हींची सरासरी काढलीत की हाती काहीच लागत नाही.

मग वर्षं ठरवा. प्रत्येक मोठ्या वळणाच्या आधीचं एक आणि नंतरचं एक साल घ्या. शिवसेनेसाठी १९६६ (स्थापना, १९ जून), १९८५ (मुंबई महापालिका जिंकली ते साल), १९९० (भाजपशी युतीनंतरची पहिली विधानसभा), २००४, २०१९ आणि २०२२ च्या फुटीनंतरचं एखादं साल पुरे. फक्त पहिलं आणि शेवटचं टोक घेतलं, तर मधे पक्ष जाऊन परत आला असेल तर ते दिसतच नाही. भाजपचंच पाहा. १९८० च्या मुंबई अधिवेशनात ‘गांधीवादी समाजवाद’ आला, १९८५ मध्ये पक्ष पुन्हा एकात्म मानववादाकडे, म्हणजे जनसंघाच्या काळापासूनच्या मूळ विचाराकडे वळला आणि १९८९ मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला. मधली नोंद गाळलीत तर १९८० चं वळण घडलंच नाही असं वाटेल.

कागदपत्रांचं वजन सारखं नसतं. पक्षाच्या घटनेवर फार विसंबू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचं घटनेत लिहावंच लागतं. त्यामुळे घटनेत ‘समाजवाद’ सापडला म्हणून पक्ष डावा ठरत नाही. जाहीरनामा (शिवसेनेच्या भाषेत वचननामा) जास्त बोलका असतो. अधिवेशनातले ठराव त्याहून बोलके, कारण ते कार्यकर्त्यांसाठी असतात. सुरुवातीच्या काळासाठी ‘मार्मिक’ या बाळासाहेब ठाकरेंच्या साप्ताहिकाचे अंक, दसरा मेळाव्यातल्या भाषणांची वृत्तपत्रांतली वृत्तं आणि १९८८ पासून ‘सामना’ या पक्षाच्या दैनिकाचे अग्रलेख पाहावे लागतात. मात्र अग्रलेखाची तुलना अग्रलेखाशीच करा, जाहीरनाम्याशी नको. अग्रलेखाचा सूर मुळातच चढा असतो. एका साली अग्रलेख आणि दुसऱ्या साली जाहीरनामा घेतला, तर पक्ष ‘मवाळ’ झाल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

आता मोजणी. जाहीरनाम्याची विधानं सुटी करा. एक विधान म्हणजे एक दावा किंवा एक वचन. ‘भूमिपुत्रांना नोकऱ्यांत ऐंशी टक्के जागा देऊ आणि गडकोटांचं जतन करू’ हे नमुन्याचं वाक्य दोन विधानं म्हणून मोजायचं. बर्लिनमधून चालणारा मॅनिफेस्टो प्रोजेक्ट जगभरचे जाहीरनामे साधारण याच पद्धतीने मोजतो. प्रत्येक विधानाला रकाना द्या, मग दिशा द्या: बाजूने, विरोधात, की नुसता उल्लेख. शेवटी टक्केवारी काढा, कारण जुने जाहीरनामे काही पानांचे असतात आणि नवे पुस्तकाएवढे. समजा, १२० विधानांपैकी ४८ भूमिपुत्रांवर असतील तर ४० टक्के. पुढच्या साली २०० पैकी ३० असतील तर १५ टक्के.

इथेच सर्वात जास्त घसरगुंडी होते. ४० वरून १५ म्हणजे भूमिका बदलली असं नव्हे, भर कमी झाला. दिशा उलटली तरच भूमिका बदलली. भर आणि दिशा यांचे आकडे वेगळ्या ओळींत लिहा, एकत्र कालवू नका.

मोजणी एकट्याने करू नये. दोघांनी तीच ५० विधानं एकमेकांना न दाखवता रकान्यांत टाकावीत. ४० पेक्षा कमी विधानांवर एकमत झालं तर रकान्यांच्या व्याख्या सैल आहेत. त्या पुन्हा लिहा आणि मोजणी पहिल्यापासून करा.

शब्दांनंतर सभागृहातलं वर्तन. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कोणी कसं मत दिलं हे फक्त मतविभाजन (प्रत्येक सदस्याच्या मताची नोंद) झालं तरच कळतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार सहसा व्हिपप्रमाणे, म्हणजे पक्षाच्या आदेशाप्रमाणे मत देतात, म्हणून त्या मतावरून पक्षाची भूमिका कळते, खासदाराची नव्हे. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक जवळून पाहा. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत मुख्यमंत्री झाले. ९ डिसेंबरला लोकसभेत शिवसेनेने विधेयकाच्या बाजूने मत दिलं आणि ११ डिसेंबरला राज्यसभेत सभात्याग केला. दोन दिवसांत विचारधारा बदलत नसते. ही ओढाताण आहे, आणि तक्त्यात ती ‘विरोध’ म्हणून नव्हे, ‘सभात्याग’ म्हणूनच लिहायची.

युती-आघाडीला पुरावा मानू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेना प्रजा समाजवादी पक्षासोबत होती. १९७५ मध्ये तिने आणीबाणीला पाठिंबा दिला. भाजपच्या आघाडीत असूनही २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभा पाटील यांना मत दिलं. यातल्या एकाही निर्णयाने ती समाजवादी किंवा काँग्रेसी झाली नाही.

कारण शोधायचं असेल तर घटना तारखेने मांडा. हिंदुत्व भाजपच्या संगतीने आलं, असं अनेकदा ऐकू येतं. पण विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, जिथल्या धर्माच्या नावावरच्या प्रचारामुळे पुढे न्यायालयाने शिवसेनेच्या रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, ती डिसेंबर १९८७ ची आहे. ‘सामना’ जानेवारी १९८८ मध्ये निघाला. टिकाऊ युती त्यानंतर, १९८९ मध्ये झाली. क्रम असा असेल तर वळण आधीचं आणि युती हा त्याचा परिणाम, असंच म्हणावं लागतं. नेता बदलणं, मोठा पराभव आणि मतदारसंघांतल्या लोकवस्तीतला फरक, हेही याच तारखांच्या ओळीत ठेवून पाहा. २००३ मध्ये उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले आणि त्याच सुमारास ‘मी मुंबईकर’ ही परप्रांतीयांनाही सामावू पाहणारी मोहीम आली. अशा जोड्या नोंदवून ठेवाव्यात, लगेच कारण म्हणू नये.

चिन्हं आणि रंग इशारा देतात, सिद्ध काही करत नाहीत. मनसेच्या २००६ च्या झेंड्यात निळा, भगवा, हिरवा असे रंग होते. २३ जानेवारी २०२० ला शिवमुद्रेचा भगवा झेंडा आला. असा बदल दिसला की त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन वर्षांची भाषणं काढून वर सांगितल्याप्रमाणे मोजायची.

फूट पडली की दोन्ही गटांची मोजणी वेगळी, पण तुलना एकाच पायाशी. शिवसेनेच्या बाबतीत तो पाया २०१९ चा वचननामा. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले ते प्रामुख्याने आमदार-खासदारांच्या बहुमतावर. मूळ विचार कोणाकडे राहिला, हे त्या निकालाने ठरत नाही. ते ठरवायला दोन्ही गटांचे पुढचे जाहीरनामे आणि सभागृहातली मतं लागतील. ज्या चौकटीसाठी कागद सापडला नाही ती कोरी ठेवा, आठवणीवरून किंवा ऐकीव माहितीवरून भरू नका.