चालू सर्व्हरमधली बिघडलेली डिस्क कशी बदलावी

मिरर केलेल्या, म्हणजे एकच डेटा दोन्हींवर ठेवणाऱ्या, दोन डिस्कपैकी एक गेली तरी सर्व्हर चालतच राहतो. घात होतो तो पुढे, घाईत चांगलीच डिस्क ओढली जाते तेव्हा. उदाहरण लिनक्सचं घेऊ: एमडीएडीएम या डिस्क एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामवरची रेड-१ (म्हणजेच मिरर), साटा जोडणीच्या डिस्क आणि पुढून निघणारे ट्रे.

आधी ताजा बॅकअप घ्या; मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. बायोसमध्ये साटाचा एएचसीआय मोड आणि त्या पोर्टचं हॉट प्लग (चालू मशीनमध्ये डिस्क काढघाल करण्याची सोय) चालू हवं. हे सर्व्हर उभा करतानाच बघावं, नंतर त्यासाठी मशीन बंद करावं लागतं.

आता डिस्क ओळखा, आणि इथे वेळ घालवा. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडने बिघडलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर काढून कागदावर लिहा. डिस्क उत्तरच देत नसेल तर चांगल्या डिस्कवर डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने सलग वाचन लावा. ज्या ट्रेचा दिवा सारखा लुकलुकतो, त्यावर लाल चिकटपट्टी लावा. त्याला हात लावायचा नाही.

एमडीएडीएममध्ये बिघडलेल्या डिस्कवर आधी फेल (निकामी अशी खूण), मग रिमूव्ह ही कमांड द्या. तिच्यावर अनेक पार्टिशनं असतील तर प्रत्येक ॲरेतून (मिररच्या जोडीतून) काढा; स्वॅप (मेमरीला पूरक जागा) असेल तर तोही बंद करा. मग लिनक्सच्या सिस या सिस्टीम फोल्डरखालच्या ब्लॉक फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या डिव्हाइसमधल्या डिलीट फाइलमध्ये १ लिहा. हे गाळलं तर नवी डिस्क भलत्याच नावाने उगवू शकते.

कडी उघडून ट्रे दोनेक सेंटिमीटर ओढा आणि अर्धा मिनिट थांबा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्यांची थरथर बोटांना जाणवते. ती थांबली की बाहेर काढा. लेबलवरचा नंबर कागदाशी ताडून बघा.

साटाच्या १५ पिनांच्या पॉवर जोडणीत ग्राउंडच्या पिना आधी टेकतात, म्हणून हे चालू विजेवर जमतं. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स पॉवर जोडणीला ही सोय नाही. मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमधली डिस्क तर मशीन बंद केल्याशिवाय काढूच नका.

नवी डिस्क सेक्टरच्या हिशेबात जुनीएवढी किंवा मोठी हवी. एसजीडिस्क कमांडने पार्टिशन टेबल (पार्टिशनांचा आराखडा) चांगल्या डिस्कवरून नवीवर उतरवा. एंटर दाबण्याआधी दिशा दोनदा वाचा. उलटी झाली तर शाबूत डिस्कची पार्टिशनंच पुसली जातील. मग नवीचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) बदला, कारण तेही जुन्यासारखेच उतरतात, आणि एमडीएडीएममध्ये पार्टिशनं ॲड करा.

सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीचा डेटा नवीवर उतरायला साडेसात तास लागतात. तोवर सगळी मदार एकाच डिस्कवर असते, जड कामं पुढे ढकला. एमडीस्टॅट या स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये गैरहजर डिस्कची अधोरेषा जाऊन दोन्ही यू (चालू डिस्कची खूण) दिसले की नव्या डिस्कवरही ग्रब, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, टाका.