दोन स्थानकांमधली पायी भटकंती : या चुका टाळा

एका स्थानकावर उतरायचे, गावे, लेणी, बाजार पाहत चालायचे आणि पुढच्या स्थानकावरून परतीची गाडी धरायची, ही सोय पुणे–लोणावळा मार्गावर आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवर उत्तम आहे. गाडी उभी करायला जागा शोधावी लागत नाही आणि आल्या वाटेने परतावेही लागत नाही. तरीही अशा भटकंतीचा विचका होतो, कारण बहुतेकजण सुरुवातीचे स्थानक विचार करून निवडतात आणि शेवटचे स्थानक ‘जे जवळ येईल ते’ म्हणून सोडून देतात. आखणी शेवटच्या स्थानकापासून, म्हणजे परतीच्या गाडीच्या वेळेपासून, मागे मोजत करावी.

तिकिटाची चूक याच सवयीतून होते. पुण्याहून मळवलीचे परतीचे तिकीट काढून भाजे लेणी आणि लोहगड पाहिला आणि पाय तिकडे वळले म्हणून चाल लोणावळ्याला संपवली, तर लोणावळा ते मळवली हा टप्पा त्या तिकिटात बसत नाही. तपासनीस भेटल्यास भाड्याखेरीज किमान 250 रुपयांचा दंड भरावा लागतो, आणि ‘तिकीट आहे ना’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक तर जाताना एकेरी तिकीट काढून परतीचे तिकीट शेवटच्या स्थानकावर घ्यावे. नाहीतर दूरचे स्थानक आधी घेऊन घराच्या दिशेने चालत यावे. पुणेकरांनी लोणावळ्याहून मळवलीकडे किंवा मळवलीहून कामशेतकडे चालावे, हे त्यामुळे अधिक सोयीचे ठरते. पाय थकल्यावर प्रत्येक पाऊल घराजवळ नेते, हा वरचा लाभ.

अंतराचा अंदाज रुळांवरून बांधणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. मळवली आणि कामशेत ही स्थानके रुळांनी आठेक किलोमीटरवर आहेत, म्हणून दोन तासांत पोहोचू, असा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण चालणारा रुळांवरून जात नाही, तो भाज्याला जातो. मळवलीहून भाज्याला निघाले की मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आडवा येतो आणि तो पुलावरूनच ओलांडावा लागतो, कारण त्या मार्गावर पादचाऱ्यांना प्रवेशच नाही. पुढे भाज्याची 22 लेणी नीट पाहायची तर पायऱ्यांची चढ-उतर आणि तासभर वेळ धरावा. लोहगड किंवा विसापूर किल्ला जोडला की दिवसच त्यात जातो, आणि बेडसे लेणी पाहून कामशेतला उतरायचे तर पवनानगर रस्त्याचा पल्लाही हिशेबात घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी चार किलोमीटर, कच्च्या चढाच्या वाटेवर अडीच-तीन, आणि पावसात त्याहूनही कमी असा वेग धरल्यास फसगत होत नाही. लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून रविवारी तिथे रांगा लागणार हेही गृहीत धरावे.

वाट चुकली की रूळ धरून चालू लागणे हा अनेकांना सोपा मार्ग वाटतो. तो गुन्हा आहे. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै 2023 मध्ये दूधसागरकडे रुळांवरून निघालेल्या पर्यटकांना उठाबशा काढाव्या लागल्याची दृश्ये गाजली. त्यात हसण्यासारखे वाटले तरी घाटातल्या वळणांवर आणि बोगद्यांत बाजूला व्हायला जागा नसते, आणि वाऱ्यापावसात विजेवर चालणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. वाट चुकल्यास शेवटच्या ओळखीच्या गावापर्यंत मागे जावे आणि ‘टेशनाकडे रस्ता कुठून?’ असे विचारावे, ‘शॉर्टकट कुठून?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा रुळांवरूनच मिळते.

पावसाळ्यात मावळात आणखी एक चूक होते आणि तिचा फटका दुसऱ्याला बसतो. नकाशावर सरळ दिसणारी वाट लावणी झालेल्या भातखाचरांतून जात असते. बांध चिखलाने मऊ झालेला असतो, एकामागोमाग दहा माणसे त्यावरून गेली की तो खचतो आणि खाचरातले पाणी खालच्या शेतात उतरते. बांध टाळून गाडीवाटेने वळसा घालावा.

पूल आहे असे गृहीत धरणे हीदेखील मोठी चूक आहे. 15 जून 2025 रोजी तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जुन्या पुलावर धोक्याचा फलक असेल किंवा लोक थांबून राहिले असतील, तर पलीकडचे स्थानक सोडून अलीकडचे धरावे. शहरातही पूल जातात-येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते भायखळा ही मशीद बंदर आणि सँडहर्स्ट रोडवरून जाणारी चाल सुंदर आहे, पण तिथला कर्नाक पूल 2022 मध्ये पाडला गेला आणि नव्या नावाने जुलै 2025 मध्ये पुन्हा खुला झाला. मधल्या काळात जुन्या नकाशावर विसंबणाऱ्यांना रुळांच्या चुकीच्या बाजूला अडकावे लागत होते. शहरात स्थानकाच्या पूर्वेला उतरायचे की पश्चिमेला, हे आधी ठरवून घ्यावे, आणि माटुंगा व माटुंगा रोड ही वेगवेगळ्या मार्गांवरची दोन स्थानके आहेत, हे सोबत्यांना भेटीची जागा सांगताना विसरू नये.

वेळापत्रकाची अडचण मात्र उरतेच. पुणे–लोणावळा मार्गावर दुपारी दोन लोकलमधले अंतर फार वाढते, आणि मुंबईत रविवारी मेगाब्लॉकमुळे, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवल्याने, गाड्या रद्द होतात किंवा जलद मार्गावरून वळवल्या जातात. म्हणून आदल्या रात्री वेळा पाहून परतीच्या दोन गाड्या मनाशी ठरवाव्यात आणि चाल पहिलीच्या हिशेबाने संपवावी. मळवलीला लोकल चुकलीच, तर फलाटावर बसून राहण्यापेक्षा कार्ला फाट्यावर जुन्या मुंबई–पुणे महामार्गाला लागावे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने लोणावळा गाठावे, कारण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या तिथे थांबतात. मात्र खिशातले लोकलचे तिकीट त्या गाड्यांत चालत नाही. लोणावळ्याच्या खिडकीवर एक्स्प्रेसचे अनारक्षित तिकीट, आणि गाडी सुपरफास्ट असेल तर त्याचा अधिभार भरून, नव्याने घ्यावे लागते, आणि त्यासाठी रांगेची पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवावीत.