कुंड्या मांडण्याआधी बाल्कनीतले ऊन खडूने आखून घ्यावे

मुंबईतील फ्लॅटच्या बाल्कनीत समोरच्या इमारतीची सावली केव्हा आणि कुठे पडते हे न पाहता कुंड्या मांडल्या, तर मिरची नुसती वाढते, फुलत नाही, आणि पुदिना दुपारच्या उन्हात करपतो.

यासाठी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत दर २ तासांनी उन्हाची कड लादीवर खडूने आखावी, रेषेशेजारी वेळ लिहावी आणि शेवटी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. ज्या पट्ट्यात ६ तास किंवा त्याहून अधिक ऊन राहते, तो टोमॅटो, मिरची आणि वांग्यासाठी राखून ठेवावा. ३-४ तासांच्या पट्ट्यात कोथिंबीर, पालक, पुदिना समाधानकारक येतात. कारल्याचा किंवा दोडक्याचा वेल ग्रिलच्या मध्यावर मुळीच चढवू नये, तो एका टोकाला न्यावा, अन्यथा मागच्या सगळ्या कुंड्या त्याच्या सावलीत जातात.

मात्र डिसेंबरची आखणी मे महिन्यात लागू पडत नाही: दक्षिणेकडील बाल्कनीत हिवाळ्यातील तिरपे ऊन आतपर्यंत येते, तर मे महिन्यात सूर्य माथ्यावर असल्यामुळे ते कठड्यापाशीच थांबते. त्यामुळे आखणी दोन्ही ऋतूंत करावी.