मागे रुंद टायर बसवताय? या चुका टाळा

आधी टायर विकत घ्यायचे आणि मग "दादा, बसतील ना हे?" म्हणून विचारायला यायचं. चूक इथूनच सुरू होते. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीचे १८५/६५ आर १५ असतात (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), पोराला गाडी मागून भरलेली दिसायला हवी असते, दुकानदार २०५ चे गळ्यात मारतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागच्या मडगार्डमधून खर्रकन आवाज येतो. मग तोच पोरगा मला म्हणतो, "थोडी कड उडवून द्या ना."

मी उडवत नाही. मागच्या मडगार्डच्या कमानीत आतून बोट फिरवून बघा. पत्रा आत वळून झालेली कड हाताला लागेल. ती एका पत्र्याची नसते. बाहेरचा रंगवलेला पत्रा आणि चाकाच्या वरचा आतला पत्रा तिथे एकमेकांना भिडतात आणि स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. कड कापली की तो जोडच गेला.

चिपळूणची एक गाडी आली होती. मालकाची तक्रार इतकीच, की डिक्कीत कुबट वास येतो. स्टेपनी उचलली तर खाली चार बोटं तांबडं पाणी. मडगार्डमध्ये हात घातला, कड लागलीच नाही. आदल्या वर्षी कुणीतरी दोन्ही बाजू ग्राइंडरने कापून वर काळा स्प्रे मारून दिला होता. वेल्डचे ठिपके कडेबरोबर गेले, दोन पत्र्यांत फट पडली आणि चाकाने उडवलेला चिखल अख्खा कोकणी पावसाळाभर त्या फटीत भरत राहिला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर बाहेरचा पत्रा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटत गेला. उजव्या टायरच्या बाजूला त्या कापलेल्या धारेने गोल चीर पाडली होती. बाजूची चीर पंक्चरसारखी बुजवता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. दोन्ही कमानी पुन्हा वेल्ड करून, सीलंट भरून रंगवायला आमच्या डेंटरला आठ दिवस लागले. दहा मिनिटांच्या घाईचं ते बिल त्या माणसाच्या हातात देताना मला फार वाईट वाटलं.

कड कापायची नाही, आत दुमडायची. त्याआधी बंपर मडगार्डला मिळतो तिथला स्क्रू आणि प्लॅस्टिकचा कान बघा, बरेचदा तेवढंच घासत असतं. दुमडायचीच असेल तर मी आधी हीटगनने रंग चटका बसेल इतका तापवतो, मग रोलर, आणि तोही पाच-सहा फेऱ्यांत थोडा थोडा. टायर आणि मडगार्डमध्ये क्रिकेटचा स्टंप घालून गाडी ढकलणारे बरेच आहेत. त्याने काम पटकन होतं, पण कमान लाटांसारखी होते आणि रंग तडकतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी मी हे काम हातातच घेत नाही. शेवटी जोडावर सीलंटचा हात, न चुकता.

दुसरी चूक म्हणजे रुंदी बघायची आणि ऑफसेट सोडून द्यायचा. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये; तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा जुनी रिम साडेपाच इंची, ऑफसेट ४५, आणि नवं मॅगव्हील (अलॉय रिम) सात इंची, ऑफसेट ३५. सगळ्यांना वाटतं, दीड इंच वाढलं म्हणजे दोन्हीकडे पाऊण-पाऊण. प्रत्यक्षात रिम बाहेरून २९ मिलिमीटर पुढे येते आणि आत फक्त ९ सरकते. सात इंचीच रिम ४५ ऑफसेटची घेतली तर दोन्हीकडे १९. म्हणजे कड न दुमडताही भागण्याची शक्यता, फक्त आत शॉकअपजवळ तेवढी जागा हवी. बोलेरोसारख्या गाडीत तिथे स्प्रिंगचा पाटा असतो, तोही बघा.

आणि हे रिकाम्या गाडीवर मोजू नका. मी घरून कणकेचा गोळा आणतो. जुनी चाकं गाडीला असतानाच कडेच्या आतल्या अंगाला आणि शॉकअपला दोन बोटं जाड कणीक थापतो, मागे तीन माणसं बसवतो, डिक्कीत पाण्याचे कॅन ठेवतो आणि स्पीडब्रेकर तिरका घेतो. सरळ घेतला तर दोन्ही चाकं सारखी उचलली जातात. तिरका घेतला की एकच चाक वर चढतं आणि तिरपं होतं, तेव्हा खरी जागा कळते. परत येऊन टायरच्या ठशापाशी उरलेली कणीक मोजायची आणि त्यातून नवं चाक त्या बाजूला जितकं वाढणार ते वजा करायचं. सहा मिलिमीटरही उरत नसतील तर ते चाक मी बसवत नाही, कितीही गळ घातली तरी.

स्पेसर (चाकामागे घालायची चकती) लावून जागा काढणाऱ्यांनी नट हाताने फिरवून बघावा. मारुतीचा नट १२ मिलिमीटरचा, आटे सव्वा मिलिमीटरचे, त्यामुळे निदान दहा फेरे बसायलाच हवेत. पॅलिओचा पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ९८ आणि स्विफ्टचा १००, म्हणून एकीचं चाक दुसरीला बसवताना दोन मिलिमीटरसाठी जोर लावून नट आवळू नका.

२०५/६५ घातला तर चाकाचा व्यास २६ मिलिमीटरने वाढतो, मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८३ ने पळते. २०५/६० घ्या, फरक जेमतेम साडेपाच मिलिमीटर. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, जुन्यापेक्षा कमी नको.

स्विफ्टला पुढची चाकं ओढतात. फक्त मागे रुंद घातले तर पकड मागे वाढते, पुढे आहे तेवढीच राहते, आणि ओल्या घाटात गाडी वळायच्या ऐवजी नाक सरळ काढते. म्हणून चारही सारखे घ्या. थारला मागे-पुढे वेगळ्या व्यासाचे टायर घालून फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो.

गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही लक्षात असू द्या. कंपनीच्या मूळ मापापासून दूर गेलेली गाडी अडचणीत येऊ शकते. टायर मडगार्डच्या बाहेर काढून मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल उडवणं तर मला अजिबात पटत नाही.

नवी चाकं बसवून शंभरेक किलोमीटर झाले की नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या. त्याच वेळी टॉर्च घेऊन कमानीच्या आत बघा, कुठे चकचकीत घासल्याची रेघ दिसते का.