खिंडसीवर वाऱ्याच्या वर चढायचं तर फिन कोणतं?

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये रामटेकजवळच्या खिंडसी तलावात विंडसर्फिंग करताना, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याने पळताना, मी भलत्याच काठाला लागलो. निघालो होतो बोटिंगच्या बाजूने, पण वर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढता येईना आणि दर फेरीला वीस-पंचवीस मीटर वाऱ्यासोबत खाली घसरत शेवटी एका शेताच्या बांधाशी पोचलो. मग दीडशे लिटरचा बोर्ड डोक्यावर, शीड काखेत, आणि चिखलातून तासभर पायपीट. वाटेत जाळी काढत बसलेले एक ढिवर काका भेटले. त्यांनी बोर्ड उलटा करून बघितला, मागच्या टोकाखाली बसवलेल्या पात्यावरून, म्हणजे फिनवरून, हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं वल्हं लहान हाय."

ते फिन मी तेव्हा नुकतंच घेतलं होतं. 36 सेंटिमीटरचं, अरुंद पात्याचं, कार्बनचं, शर्यतीचं. दुकानदाराने "वाऱ्यावर चढायला याच्यासारखं दुसरं नाही" म्हणून गळ्यात मारलं होतं. तसं ते खोटं नव्हतं, फक्त माझ्या वेगाला ते खरं नव्हतं.

माझा धंदा कूलरच्या फायबर बॉडीचा, हिंगणा एमआयडीसीत. उन्हाळा संपला की हात रिकामे होतात आणि वारा सुरू होतो, म्हणून हा छंद जमतो. फायबरच्या वस्तूकडे कसं बघायचं ते कळतं, पण फिनचं गणित मला त्या पायपिटीनंतरच नीट समजलं.

फिन म्हणजे पाण्यात उभा धरलेला विमानाचा पंख. शीड बोर्डाला पुढेही ओढतं आणि बाजूलाही ढकलतं. त्या ढकलण्यामुळे बोर्ड दोन-चार अंश तिरका सरकतो, पाणी फिनला तिरपं लागतं, आणि फिन उलट्या बाजूला जोर लावतं. त्या जोरावरच आपण वाऱ्याच्या वर चढतो. गोम अशी की हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणून गोव्याच्या समुद्रात सुसाट जाणाऱ्याला जे बारीक फिन पुरतं, ते आपल्याकडच्या रेंगाळत्या वाऱ्यात पाण्यातून नुसतं घसरतं. काकांचं लहान वल्हं ते हेच.

तेव्हा फिन घेण्याआधी स्वतःला विचारा: मी प्लेनिंग करतो का, म्हणजे बोर्ड पाणी कापण्याऐवजी पाण्यावर तरंगत पळतो का? माझं वजन 84 किलो. साडेसात चौरस मीटरच्या शिडावर मला त्यासाठी साधारण 13-14 नॉट वारा लागतो, म्हणजे ताशी 25 किलोमीटर. जूनच्या दुपारी तो झोतात येतो, टिकत नाही. दोन मिनिटं पळालो की पाच मिनिटं रांगतो. रांगताना वर चढवायचं काम फिनचं नाहीच, ते डॅगरबोर्डचं. बोर्डाच्या मधोमध खाली उतरणारी ती मोठी पाटी. नवशिक्याने फिनवर पैसे घालण्याआधी डॅगरबोर्ड असलेला लांब बोर्ड शोधावा, निम्मी रड तिथेच संपते. 2008 ते टोकियोपर्यंतच्या ऑलिंपिकमध्ये जो आरएस:एक्स बोर्ड होता, त्यालासुद्धा डॅगरबोर्ड होता आणि पुरुषांसाठी 66 सेंटिमीटरचं फिन. म्हणजे चढायचं असेल तर पाण्याखाली भरपूर काहीतरी लागतं, हे ऑलिंपिकवाल्यांनाही चुकलं नाही.

डॅगरबोर्ड नसेल तर मात्र फिनला पर्याय नाही. लांबी शिडावरून आणि बोर्डाच्या रुंदीवरून ठरते. माझ्या वहीत असं आहे: साडेपाचच्या शिडाला 30 ते 34 सेंटिमीटर, साडेसहाला 36 ते 40, साडेसाताला 40 ते 44, साडेआठाला 44 ते 48. बोर्ड रुंद असेल तर त्या त्या पट्ट्यातलं वरचं टोक घ्या, कारण रुंद बोर्डावर पाय मधल्या रेषेपासून लांब पडतात आणि मोठं फिन दाबून धरता येतं. आपल्या वाऱ्यासाठी मी त्यातही दोन सेंटिमीटर वाढवतो. माझा बोर्ड 80 सेंटिमीटर रुंद, म्हणून आता 46 चं लावतो.

पण नुसत्या लांबीवर जाऊ नका. पातं किती रुंद आहे ते बघा. सारख्याच लांबीच्या दोन फिनांत रुंद पात्याचं फिन कमी वेगात आधी पकड घेतं. अरुंद पातं पाण्याला कमी अडवतं, पण त्याला वेग हवा. नागपूरकराने रुंद पातंच घ्यावं, मग ते दिसायला कितीही गावठी असो.

पात्याचा मागे झुकलेला कोनही बघा. जवळजवळ सरळ उभं फिन चांगलं चढतं. मागे झुकलेलं फिन वळायला सोपं, आणि त्यात गवत अडकत नाही. इथेच आपली पंचाईत. काठाजवळ शेवाळ आणि पाणगवत असतंच, काही तलावांत जलपर्णीसुद्धा. सरळ फिनला शेवाळाची एक दाढी लागली की बोर्ड ब्रेक मारल्यासारखा होतो. गवतासाठीचं खास फिन 45 अंशांच्या आसपास झुकलेलं असतं. त्याचं माप पात्याच्या कडेने मोजलेलं असेल तर फसू नका, सरळ खाली किती खोल जातं ते पट्टीने मोजा. मी दोन्ही ठेवतो. काठालगतचं गवत पायीच ओलांडता येत असेल तर सरळ फिन, नाहीतर झुकलेलं. पोरीला, वजन 48 किलो, साडेपाचच्या शिडावर 32 चं झुकलेलं पुरतं. तिच्यासाठी वेगळा विचारच करावा लागत नाही.

कडकपणा तपासायचा तर फिनचं बूड मांडीत घट्ट धरा आणि टोक अंगठ्याने दाबा. नव्या बोर्डासोबत कधीकधी येणारं प्लॅस्टिकचं फिन पट्टीसारखं वाकतं. पाण्यातही टोक असंच पिळलं जातं आणि वर चढायचा जोर तिथून निसटतो. जाड ग्लास-इपॉक्सीचं, ज्याला जी-टेन म्हणतात, ते माझ्यासारख्या जड माणसाला योग्य. कार्बन हलका आणि महाग. आपल्या तलावात उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली खोडं आणि दगड असतात, तिथे महागाचं टोक मोडताना मला बघवत नाही.

विकत घेण्याआधी बोर्डात फिन बसवायची खाच कोणती ते नक्की करा. पॉवर बॉक्सला वरून एकच बोल्ट, टटल बॉक्सला दोन, आणि यूएस बॉक्समध्ये फिन पुढे-मागे सरकवता येतं. ते मागे सरकवलं की बोर्ड सरळ रेषेत चांगला राहतो. बूड खाचेत हललं तर त्यावर पातळ टेपचा एक वेढा द्या.

आता पारख पाण्यावर. काठावरचं एक झाड खूण म्हणून धरा, चार फेऱ्या मारा आणि परत कुठे लागता ते बघा. मागच्या पायाखाली टेकच मिळत नसेल, बोर्ड शेपटीकडून आडवा सटकत असेल, तर फिन लहान आहे. त्या सटकण्याला स्पिनआउट म्हणतात. तसं झालं की मागचा पाय सैल सोडायचा, टाच अंगाखाली ओढायची, पकड परत येते. उलट जोराच्या झोतात वाऱ्याकडची कड उचलली जाऊन बोर्ड उताणा व्हायला बघत असेल, तर फिन मोठं आहे. दोन-चार सेंटिमीटरने उतरा. माप बरोबर असूनही सटकत असेल तर पुढच्या कडेवर बोट फिरवा. दगडाने उडालेला एक छोटा टवकासुद्धा हवा खेचतो. मी तो रेझिनने भरतो, एक रात्र सुकवतो आणि 400 नंबरच्या पाणीपेपरने घासून 600 ने संपवतो. मागची कड पातळ राहिली पाहिजे, तिथे पुट्टीचा थर चढवू नका.

एक सांगायचं राहिलं. जूनच्या संध्याकाळी पश्चिमेला काळं दिसलं की फिन कितीही चांगलं असो, बाहेर या. ते अंधड झोताने येतं आणि सोबत वीज घेऊन येतं.

आणि मे महिन्यात फिन गाडीच्या डिकीत ठेवू नका. 45 अंशांच्या दुपारी माझं जुनं प्लॅस्टिकचं फिन बॅगांखाली दबून केळ्यासारखं वाकलं. कारखान्यात मिस्त्री ते उचलून म्हणाला, "हे फेकून राहिले का भाऊ?" आता तो त्याने रेझिन ढवळतो.